ताण कोण घेता?

जुन्या दुपंखी विमानाचं चित्र लहान मुलं काढतात तेव्हा त्यात एकावर एक दोन पंख येतात, पुढचा पंखा येतो, चाकं येतात. तारा येत नाहीत. प्रतिकृती बांधणारे पुष्कळ जणही तारांचं काम 'शेवटी, जमलं तर' म्हणून बाजूला ठेवतात. काही जण तर तारा नकोत म्हणून दुपंखी विमानांच्या वाटेलाच जात नाहीत. मला मात्र या छंदाने जे काही दिलं, ते बहुतेक सगळं त्या तारांमधून दिलं.

माझ्या टेबलावर आहे ते डी हॅविलंड कंपनीचं टायगर मॉथ. मूळ विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेनच्या मैदानावरून पहिल्यांदा उडालं. जेफ्री डी हॅविलंड यांना फुलपाखरांचा आणि रात्री दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगांचा नाद होता, त्यामुळे त्यांच्या हलक्या विमानांना पतंगांचीच नावं मिळाली. जिप्सी मॉथ, पुस मॉथ, फॉक्स मॉथ, लेपर्ड मॉथ, आणि हे टायगर. आठ हजारांहून जास्त टायगर मॉथ बांधली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनपासून भारत आणि ऑस्ट्रेलियापर्यंत असंख्य वैमानिकांनी उड्डाणाचा श्रीगणेशा याच विमानात केला. आपल्या हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यातही एक टायगर मॉथ दुरुस्त करून पुन्हा उडतं केलेलं आहे.

धड लोखंडी नळ्यांचं, पंख लाकडाचे, वरून कापड. इंजिन १३० अश्वशक्तीचं, चार सिलिंडरचं आणि उलटं बसवलेलं. सिलिंडर खाली आल्यामुळे नाकाचा वरचा भाग उतरता राहतो आणि वैमानिकाला पुढचं दिसतं. ब्रेक नाहीत. शेपटीला चाकही नाही, जमिनीवर घासत जाणारा एक दांडा आहे. शिकवणारा पुढे बसायचा, शिकणारा मागे, आणि दोघांमध्ये बोलण्यासाठी एक नळी. पठ्ठ्या पहिल्यांदा एकटा उडायचा तोही मागच्याच जागेवरून, कारण पुढची जागा रिकामी असताना तोल त्याच जागेवरून सांभाळला जातो.

किटचं खोकं उघडून वरचा पंख हातात घेतला की एक गोष्ट लगेच जाणवते. पंख सरळ नाहीत, मागे झुकलेले आहेत. इतक्या सावकाश उडणाऱ्या विमानाचे पंख मागे कशाला झुकवायचे? वेगासाठी नक्कीच नाही. त्याचं कारण पॅराशूटमध्ये आहे. आधीच्या मॉथमध्ये वरच्या पंखाचा मधला भाग आणि त्याला धरणारे टेकू बरोबर पुढच्या बैठकीभोवती येत. लष्करी प्रशिक्षणात पुढे बसलेल्या माणसाला, वेळ आली तर, पॅराशूटसह बाहेर उडी मारता आली पाहिजे. म्हणून तो मधला भाग पुढे सरकवला. पण पंख पुढे गेला की उचल देणारा जोरही पुढे सरकतो आणि विमानाचा तोल जातो. तो परत जागेवर आणायला पंखांची टोकं मागे वळवली. एका माणसाचा जीव वाचावा म्हणून घेतलेला निर्णय विमानाच्या सबंध चेहऱ्यावर उमटला आहे. प्लास्टिकचे दोन तुकडे जुळवताना हे कळतं, तेव्हा मी हात थांबवून ते पुन्हा एकदा नीट पाहते.

माझं किट १:४८ मापाचं, म्हणजे मूळच्या एका फुटाला इथे पाव इंच. या हिशोबाने ८.९४ मीटरचा पंखविस्तार साडेअठरा सेंटिमीटरच्या जरा वर जातो आणि लांबी पंधरा सेंटिमीटरच्या आसपास येते. तळहातावर मावेल असं विमान. भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात. ते कापायचे, कापल्याची खूण पॉलिश पेपरने घासायची आणि जोडायचे. जोडायला लागणारा पातळ द्रव खरं तर गोंद नव्हेच. तो पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन्ही कडा एकमेकींत मुरतात आणि द्रव उडून गेल्यावर एकसंध होतात. सांधा एकदा बसला की तो सुटत नाही, प्लास्टिकच तुटतं.

कापडाबद्दल माझं एक ठाम मत आहे. अनेक किटांमध्ये पंखाच्या दोन बरगड्यांमधलं कापड खोल खपाटीला गेलेलं दाखवलेलं असतं, जणू ओला पंचा वाळत टाकलाय. खऱ्या विमानाचं कापड असं नसतं. त्यावर सेल्युलोजचं रोगण, ज्याला डोप म्हणतात, ते थरावर थर देतात. सुकताना ते कापडाला ताणून घेतं आणि वर बोट मारलं तर टण्ण वाजावं इतकं ते ताठ होतं. शेवटच्या थरांत ॲल्युमिनियमची भुकटी घालतात, कारण उन्हातले अतिनील किरण कापड कुजवतात आणि ही भुकटी ते अडवते. जुन्या विमानांचा चंदेरी रंग म्हणजे आधी कापडाचं छत्र आणि मग शोभा. म्हणून मी पंखाचे ते खड्डे घासून जवळजवळ सपाट करते. बरगडीची नुसती चाहूल राहावी, एवढंच ठेवते. यात बराच वेळ जातो, पण कापडाचा ताण खोटा दाखवून तारांचा ताण खरा दाखवणं मला जमणार नाही.

मालवणात राहून हा छंद करायचा तर वर्षाची विभागणी पावसाप्रमाणे करावी लागते. रंगाचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि मे उजाडेपर्यंत उरकावं लागतं. पावसाळ्यात लॅकर मारलं की रंगावर पांढुरकी छटा चढते. द्रावक भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि हवेत आधीच गच्च भरलेली वाफ त्या थंड रंगावर दव धरते. ही अडचण केवळ टेबलावरच्या विमानाची नाही. खऱ्या विमानांना डोप लावायच्या शेडसुद्धा गरम आणि कोरड्या ठेवाव्या लागत, कारण दमट हवेत डोपही असाच पांढरा पडतो आणि पांढरा पडलेला डोप कापडाला धड ताणत नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी रंगवणारी मंडळी पिढ्यान् पिढ्या याच हवेशी जुळवून घेत आली आहेत. त्यांच्या दुकानांत उभं राहिलं की रंग सुकू देणं हा कामाचाच भाग आहे हे दिसतं.

पण त्याच हवेची एक देणगीही आहे. तारा चिकटवायला जो झटपट गोंद वापरतात, आपला फेविक्विक, तो सुकून घट्ट होत नाही. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. कोरड्या मुलखातल्या लोकांना जिथे दोरा धरून बसावं लागत असेल, तिथे जुलैमधल्या मालवणात टेकवताक्षणी काम होतं. मात्र त्याची वाफ पारदर्शक भागांवर पांढरी भुकटी धरते, म्हणून वैमानिकांसमोरच्या दोन छोट्या काचा मी साध्या पांढऱ्या फेविकॉलने, अगदी शेवटी लावते. तेव्हा माझा क्रम ठरलेला: थंडीत रंग, आणि तारा पावसात.

पावसात आणखी एक गोष्ट होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि शेजारचे तांडेलकाका दुपारभर पडवीत जाळं सांधत बसतात. त्यांची पडवी आणि माझी खिडकी यांच्यात एका माडाचं अंतर. एकदा पाऊस उघडल्यावर ते आत आले. वरचा पंख नुकताच बसला होता आणि पहिला दोरा मी भोकातून ओवत होते. काकांनी विमान कुठलं, कोणत्या देशाचं, यातलं काहीच विचारलं नाही. चष्मा कपाळावरून खाली घेऊन वाकून बघत ते म्हणाले, "बाय, इमान उडताना पंख वर जाऊक बघतले. तेंचो ताण कोण घेता?"

इतका नेमका प्रश्न मला याआधी कोणीही विचारला नव्हता. मी बोट ठेवून दाखवलं. ही तार धडाच्या तळापासून निघते आणि बाहेरच्या टेकूच्या वरच्या टोकाला, वरच्या पंखाजवळ जाते. उडताना पंख वर उचलले जातात तेव्हा त्यांना खाली धरते ती ही.

"आणि जमनीर इल्यार?"

जमिनीवर उचल नसते, पंख स्वतःच्या वजनाने खाली लोंबायला बघतात. तेव्हा कामाला येते ती उलटी तार. वरच्या पंखाच्या मध्यापासून निघून खालच्या पंखावर टेकूच्या पायाशी उतरणारी. या दोन तारांची फुली होते. एक ताठते तेव्हा दुसरीवरचा भार उतरतो.

काकांनी मान हलवली. "आमच्या उलांडयेक तसाच. लाट एका बाजून इली की एक दोरी ताठता, दुसरी सैल पडता."

उलांडी म्हणजे होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेला तो तरंगता लाकडी ओंडका. होडी कलंडू नये म्हणून. त्याच्या बांधणीत खिळा चालत नाही, दोरीच लागते, कारण लाटेबरोबर तिला थोडं द्यावं आणि घ्यावं लागतं. आयुष्यभर दोरीवर विश्वास ठेवून पाण्यात गेलेल्या माणसाला दुपंखी विमान समजायला वेळ लागला नाही. मला त्यासाठी आराखडे वाचावे लागले होते.

मग त्यांनी टेकूंच्या मधली आडवी फुली दाखवली. पुढचा टेकू आणि मागचा टेकू यांच्यामधल्या या तारा पंख पिळवटू देत नाहीत. पंखाची पुढची कड किती वर आणि मागची किती खाली, हा कोन त्या राखतात. हे एकदा कळलं की दोन पंख, चार टेकू आणि तारा मिळून जो चौकोनी सांगाडा होतो तो डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि तारांची गर्दी वाटत नाही. ही रचना विमानवाल्यांनी पुलांकडून घेतली. ऑक्टेव्ह शनूट हे अमेरिकेतले रेल्वेपुलांचे इंजिनिअर. १८९६ मध्ये त्यांनी आपल्या दुपंखी ग्लायडरमध्ये पुलाच्या कैचीची रचना वापरली, उभ्या काड्या आणि तिरक्या तारा. राइट बंधूंनी तीच उचलली आणि पुढची तीसेक वर्षं जग त्याच चौकटीवर उडालं. लाकूड दाब सोसतं, तार ताण सोसते. दोघांकडून आपापलंच काम करून घ्यायचं, म्हणजे थोडक्या वजनात मोठी ताकद मिळते.

खऱ्या विमानाच्या तारा गोल नसतात, हे पुष्कळांना माहीत नाही. गोल तारेला वारा फार अडतो. म्हणून पोलादी तार चपटी, दोन्ही कडांना निमुळती केलेली असते. तिच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. त्यामुळे तार स्वतःभोवती फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत जातात आणि ती ताठते. शेवटी तिची धारदार कड नेमकी वाऱ्यासमोर आणून नट आवळायचा. हे सगळं करणारा माणूस विमानतळावर वेगळा असे, त्याचं कामच तारा लावणं. त्याच्या कामाला क्रमही होता. आधी धडावरचा मधला भाग काटकोनात आणायचा. मग जमिनीवरच्या तारांनी पंखांची टोकं हवी तेवढी वर उचलायची. मग दोन टेकूंमधल्या फुलीने पंखाचा कोन. उड्डाणाच्या तारा सगळ्यात शेवटी, कारण त्या आधी ताणल्या तर पंख चुकीच्या जागी बांधला जाईल.

प्रतिकृतीला या क्रमाची गरज नाही. प्लास्टिकचे पंख गोंदाने आधीच बसलेले असतात, दोरा कुठूनही सुरू केला तरी कोणाला कळणार नाही. मी तरीही त्याच क्रमाने जाते. त्याचा प्रत्यक्ष उपयोगही होतो. मधला भाग आधी बांधला की तो बाकीच्या दोऱ्यांचा ओढा सहन करतो, आणि डावी-उजवी बाजू आळीपाळीने घेतली की पंख एकीकडे ओढला जात नाही. त्याहून मोठं कारण असं की, प्रत्येक दोरा लावताना तो आत्ता काय धरतोय हे मला ठाऊक असतं. वीस-पंचवीस वर्षांचा एखादा मेकॅनिक कराचीत किंवा जुहूला सकाळी उठून जे करत होता, त्याच क्रमाने माझी बोटं फिरतात.

दोरा कोणता, हा प्रश्न काकांनी सोडवला. त्यांनी घरून वेगवेगळ्या जाडीचं तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, आणलं, जाळ्यांतून उरलेलं. माझ्या मापात बसेल इतकं बारीक त्यातलं एकच निघालं. पंखात केसाएवढी भोकं हातड्रिलने आधीच पाडून ठेवलेली होती. तंगूस ओवायचं, चिमट्याने ओढून धरायचं, गोंदाचा ठिपका सुईच्या टोकाने लावायचा. टोकाशी जरा ढिलं राहिलं तर पेटती उदबत्ती हळूच जवळ नेली की नायलॉन आक्रसतं आणि ताठ होतं. स्पर्श मात्र होऊ द्यायचा नाही. शेवटी पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटाने चोळली की पोलादाचा मंद रंग येतो. काका प्रत्येक दोरा नखाने छेडून बघत होते. जमिनीवर उभ्या विमानात कोणती तार जास्त ताठ असायला हवी, ते आता त्यांना मला विचारावं लागत नव्हतं.

एक छोटी काडी किती महत्त्वाची असते याचा दाखला याच कुटुंबातल्या पुस मॉथने दिला आहे. ते एकपंखी, बंद केबिनचं, त्या काळी फार देखणं मानलं गेलेलं विमान. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातली काही हवेतच मोडून पडली आणि माणसं गेली. बराच काळ तपास चालला. विशिष्ट परिस्थितीत पंख थरथरू लागतो आणि ती थरथर वाढत जाते, असं निघालं. उपाय म्हणून पंखाच्या पुढच्या टेकूला एक आखूड आधारकाडी जोडली गेली. १:७२ मापात ती काडी दिसेल न दिसेल इतकी बारीक होते. कोणी ती गाळली तर मला राहवत नाही. ती कोणाच्या तरी मरणातून शिकून बसवलेली आहे.

आणि पुस मॉथ म्हटलं की आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ आठवणारच. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते याच जातीच्या विमानातून. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. विमानात रेडिओ नव्हता. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात बुडायचं, म्हणून त्या महिन्यांत विमानं पुण्याला हलवावी लागत. सह्याद्रीवरचा पाऊस आणि धुकं यांतून ही सेवा पहिल्या वर्षी वक्तशीर चालली, याची नोंद तेव्हाच्या सरकारी विमानखात्याने कौतुकाने केली आहे. आंबोलीचा घाट जुलैमध्ये ज्याने पाहिलाय त्याला या नोंदीचं वजन सांगावं लागणार नाही. १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेआरडींनी तो कराची–मुंबई प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला.

आमच्या किनाऱ्याशी मात्र जास्त जवळचं विमान आहे ते फॉक्स मॉथ. १९३५ मध्ये टाटांनी मुंबई ते त्रिवेंद्रम अशी टपालसेवा गोवा आणि कन्नूरमार्गे सुरू केली, ती या विमानाने. मुंबई ते गोवा म्हणजे खाली सगळं कोकण. हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, आणि मग आमचा सिंधुदुर्ग. चिपीच्या सड्यावर विमानतळ झाला तो २०२१ मध्ये. त्याच्या आठ-साडेआठ दशकं अगोदर, रस्ता धड नव्हता तेव्हा, इथल्या आकाशातून तारांनी बांधलेलं विमान जात होतं. या गोष्टीने मला जो आनंद होतो तो मी लपवू शकत नाही. तांडेलकाकांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी वाऱ्याचं विचारलं. आठ-नऊ महिने ठीक, पण आषाढात नैर्ऋत्येचा वारा अंगावर घेऊन ते खाली कसं येत असेल?

म्हणून पुढचं विमान फॉक्स मॉथच. त्याची रचना मला फार आवडते. प्रवासी पुढे बंद केबिनमध्ये, पंखांच्या मधोमध, आणि वैमानिक त्यांच्यामागे उघड्यावर. धड नवं, पण पंख, शेपूट, चाकं आणि इंजिन बरंचसं टायगर मॉथचंच. कमी खर्चात प्रवासी विमान हवं होतं, तर तयार भागांतून ते उभं केलं. त्यामुळे तारांचा माझा हिशोबही बराचसा तयार आहे. भरलेलं फॉक्स मॉथ भरलेल्या टायगरपेक्षा शंभरेक किलोंनी जड. काकांना हे सांगताच त्यांनी पुढचं विचारलं, की मग उडतानाच्या तारांवरचा ताण वाढला, तर त्या जाड केल्या की दुहेरी? त्याचं उत्तर आराखड्यात शोधायचं काम सध्या चालू आहे. सांगाडा नवरात्रापर्यंत होईल, रंग दिवाळीनंतर. तारा पुढच्या जूनमध्ये, होड्या वर ओढल्या की.